कॉन्ट्रा डान्सला कॉल देताना: कधी बोलायचं, कधी थांबायचं आणि बँडशी काय ठरवायचं

प्रश्न: मी बॉस्टनजवळ राहतो आणि काही वर्षांपासून कॉन्ट्रा हा रांगांमधला समूहनाच नाचतो आहे. रेकॉर्डिंग लावून घरी कॉल द्यायचा, म्हणजे नाचणाऱ्यांना पुढची आकृती सांगायचा, सराव केला, एक-दोनदा एकेका डान्सपुरता माइकही मिळाला. आता आमच्या आयोजकांनी अर्धी संध्याकाळ माझ्यावर सोपवली आहे. फिडल, पियानो आणि गिटार असा बँड असेल. मी संगीत शिकलेलो नाही. कॉल नेमका केव्हा द्यायचा? वादकांशी काय आणि किती बोलायचं? मध्येच रांग विस्कटली तर काय करायचं? आणि कार्यक्रम त्यांना आधी पाठवायचा का?

उत्तर:

तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, तिथून सुरुवात करते. मी कॉलरला बँडमधलाच एक वादक मानते. नाचणाऱ्यांना ट्यूनच्या हवाली करणं हे त्याचं काम. पहिल्या काही फेऱ्या तो शब्दांनी वाट दाखवतो, मग एकेक शब्द गाळत जातो आणि शेवटी गप्प होतो. रेकॉर्डिंगवर कितीही सराव केला तरी हे कळत नाही, कारण तुम्ही गप्प झालात काय आणि बोलत राहिलात काय, रेकॉर्डिंग तेच वाजत राहतं. समोरचा बँड मात्र तुम्ही थांबल्याबरोबर बदलतो. ते कसं, ते पुढे सांगते.

ज्यांनी कॉन्ट्रा पाहिलेला नाही अशांनाही हे वाचता यावं म्हणून थोडक्यात: हॉलच्या लांबीत जोड्यांच्या रांगा लागतात. प्रत्येक रांगेत दोन-दोन जोड्यांचे, म्हणजे चौघांचे गट पडतात, त्याला ‘हँड्स फोर’ म्हणतात. ज्याच्याबरोबर रांगेत उभे राहिलात तो तुमचा पार्टनर, समोरच्या जोडीतला तुमच्या बाजूचा तो नेबर. आकृत्यांचा एक ठरलेला क्रम ६४ ठोक्यांत पुरा होतो. तो संपला की प्रत्येक जोडी एक घर पुढे सरकते आणि नव्या जोडीबरोबर तोच क्रम पुन्हा सुरू होतो. हा प्रकार इंग्लंडच्या कंट्री डान्समधून आला. जॉन प्लेफर्डचा त्या नाचांचा संग्रह १६५१चा आहे. अमेरिकेत तो न्यू इंग्लंडच्या छोट्या गावांच्या टाउन हॉलमधून टिकला. विसाव्या शतकात न्यू हॅम्पशरच्या राल्फ पेज यांनी तो जपला आणि १९६०-७०च्या सुमारास डडली लॉफमन यांच्यामागे तरुण मुलांचे थवेच्या थवे त्यात आले. लॉफमन फिडल किंवा अकॉर्डियन वाजवता वाजवताच कॉल देत. संगीत एकीकडे आणि कॉल दुसरीकडे असं तिथे कधी नव्हतंच, हे मनात असू द्या.

आता ठोक्यांकडे. संगीत शिकलो नाही म्हणता, पण तबल्याची साथ कानावरून गेलीच असेल. तीनतालाच्या १६ मात्रा आठवा. कॉन्ट्राची ट्यून जवळजवळ नेहमी दोन भागांची असते. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, आणि प्रत्येक भाग १६ ठोक्यांचा. कॉलरच्या बोलीत त्यांना ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू म्हणतात. म्हणजे नाचाची एक फेरी ही तीनतालाच्या चार आवर्तनांएवढी होते. फरक एवढाच की मैफलीत आपण समेवर दाद देतो, इथे समेवर शेकडो पाय पडायचे असतात. पाय समेवर पडायचा तर शब्द समेच्या आधी संपायला हवा. कॉल देण्याच्या कलेतला सर्वांत मोठा भाग एवढ्यात आला. नवे कॉलर आकृती सुरू होते त्या ठोक्यावर तिचं नाव घेतात. नाचणारा ते ऐकतो, समजून घेतो आणि हलतो, तोवर दोन-तीन ठोके निघून गेलेले असतात. मग अख्खा हॉल ट्यूनच्या मागे फरफटत राहतो आणि दोष बिचाऱ्या नवख्यांना जातो.

एक प्रत्यक्ष डान्स घेऊ. डेव्हिड केनर यांचा ‘द बेबी रोझ’ नवख्यांच्या संध्याकाळी फार उपयोगी पडतो. केनर स्वतः फिडल वाजवत आणि कॉलही देत, आणि या डान्सची आखणी ट्यूनच्या भागांवर चपखल बसते ती त्यामुळेच, असं मला वाटतं. ए-वनमध्ये नेबरबरोबर चार ठोक्यांचा बॅलन्स (हात धरून पुढे-मागे पाऊल) आणि बारा ठोक्यांचा स्विंग (एकमेकांना धरून जागच्या जागी गिरक्या). ए-टूमध्ये चौघांनी हात धरून डावीकडे पाऊण वर्तुळ, मग पार्टनरशी डो-सी-डो (पाठीला पाठ ठेवून एकमेकांभोवती फेरी). बी-वनमध्ये पार्टनरबरोबर बॅलन्स आणि स्विंग. बी-टूमध्ये रॉबिन्सची, म्हणजे जोडीत उजवीकडे उभ्या असणाऱ्यांची, चेन (मधून हात देत समोरच्या बाजूला जाणं), मग डाव्या हातांचा स्टार (चौघांनी मध्ये हात जोडून गोल फिरणं), आणि त्यातून सुटून पुढचा नवा नेबर.

आता कॉल कुठे बसतात ते पाहा. ट्यूनच्या आधी फिडलवाला चार ठोके नुसता ताल घासतो. त्याला ‘फोर पोटॅटोज’ म्हणतात. तुमचा पहिला कॉल त्या चार ठोक्यांवर: ‘नेबर, बॅलन्स अँड स्विंग’. तिथे तोंड उघडलं नाहीत तर पहिलीच फेरी उशिरा सुरू होते. नेबरचा स्विंग चालू असताना तेराव्या ते सोळाव्या ठोक्यात ‘सर्कल लेफ्ट, थ्री क्वॉर्टर्स’. वर्तुळाच्या पाचव्या ते आठव्या ठोक्यात ‘पार्टनर डो-सी-डो’. ए-टूच्या शेवटच्या चारांत ‘पार्टनर, बॅलन्स अँड स्विंग’. बी-वनच्या शेवटच्या चारांत ‘रॉबिन्स चेन’. चेनच्या उत्तरार्धात ‘लेफ्ट हँड स्टार’. स्टारमधून बाहेर काढणारा कॉल मात्र मी दोन ठोके आधी, अकराव्यापासूनच सुरू करते: ‘न्यू नेबर… बॅलन्स अँड स्विंग’. कारण तिथे माणसाला मान वळवून अनोळखी चेहरा शोधायचा असतो आणि त्याला वेळ लागतो. प्रत्येक डान्समध्ये अशी एखादी जागा असते जिथे नजर वळवावी लागते. ती आधी हेरून ठेवा आणि तिथे लवकर बोला.

शब्दांचा क्रम कायम एकच ठेवा: कुणी, मग काय, मग किती. ‘रॉबिन्स’ आधी, ‘चेन’ नंतर. ‘चेन’ आधी म्हणालात तर चौघेही हात पुढे करतात. भूमिकांची नावं आयोजकांना विचारून घ्या. डावीकडचा लार्क आणि उजवीकडची रॉबिन ही नावं आता बऱ्याच ठिकाणी रुळली आहेत. तुमच्या हॉलमध्ये जे चालतं तेच रात्रभर वापरा, एकदा एक आणि एकदा दुसरं असं करू नका.

आणि हे सगळं ट्यूनच्या लयीत बोला. गाऊन म्हणा असं मी सांगत नाही, पण शब्दाचा आघात ठोक्यावर पडू द्या. ‘रॉ’ तेराव्यावर, ‘चेन’ पंधराव्यावर. माणूस अर्थ कळायच्या आधी आघात पकडतो. आवाज चढवायची गरज पडत नाही. ज्यांना आवाज चढवावा लागतो ते बहुतेक वेळा ठोक्याबाहेर बोलत असतात.

यासाठी घरचा सराव वेगळ्या पद्धतीने करा. आधी कोणताही रील, म्हणजे या नाचाची एक जलद प्रकारची ट्यून, लावा आणि नुसतं दर १६ ठोक्यांच्या पहिल्या ठोक्याला ‘एक’ म्हणा. मोजून नव्हे, ऐकून. ट्यूनमध्ये वाक्य संपल्याची जागा असते, ती कानाला सापडली पाहिजे. ते जमलं की भाग सुरू व्हायच्या आधीच्या चार ठोक्यांत त्याचं नाव घ्या: ‘आता ए-टू’, ‘आता बी-वन’. बी भागाची चाल बहुधा वरच्या पट्टीत जाते, त्यावरून तो ओळखू येतो, पण सगळ्याच ट्यूनमध्ये असं होत नाही, म्हणून वेगवेगळ्या ट्यूनवर करा. आकृत्यांची नावं यानंतर. भांडी घासताना, गाडी चालवताना करण्यासारखा सराव आहे, आणि डान्सचा क्रम लिहिलेलं कार्ड पाठ करण्यापेक्षा याला जास्त वेळ द्या. ट्यूनमध्ये आपण कुठे आहोत हे ज्या कॉलरला झोपेतून उठवलं तरी कळतं, त्याला आकृती विसरली तरी सावरता येतं.

शब्द गाळण्याबद्दल. पहिल्या तीन फेऱ्या पूर्ण कॉल. चौथ्यापासून एकेक शब्द: ‘सर्कल’, ‘डो-सी-डो’, ‘चेन’, ‘स्टार’, ‘नेक्स्ट’. मग फक्त अवघड जागांचे दोन शब्द. मग काहीच नाही. कधी गाळायचं हे घड्याळ सांगत नाही, हॉल सांगतो. पुढच्या टोकाला नाचणारे सराईत पाहू नका. रांगेतली सर्वांत गोंधळलेली जोडी शोधा आणि तिच्यावर नजर ठेवा. रांगेच्या टोकांकडेही लक्ष असू द्या. तिथे पोहोचलेली जोडी एक फेरी थांबते आणि बाजू बदलून परत येते, आणि ती परत येताना पहिल्या एक-दोन फेऱ्यांना एक शब्द तिच्यासाठी टाकावा लागतो. सगळे सुरळीत चालले आहेत असं दिसलं की थांबा. आपण बोललो नाही तर नाच मोडेल ही भीती प्रत्येक नव्या कॉलरला असते. बहुतेक वेळा ती खोटी निघते.

आता तुम्ही गप्प झालात की बँडचं काय होतं ते. कॉल चालू असेपर्यंत चांगला बँड सरळ वाजवतो. चाल स्पष्ट, भागांचे सांधे ठसठशीत, कारण त्यांना माहीत असतं की खाली लोक शिकत आहेत. न्यू हॅम्पशरच्या बॉब मॅक्विलन यांच्या पियानोचं नाव अजून निघतं ते याच गुणासाठी. डावा हात खर्जाचा ठोका देणार, उजवा त्याला स्वरसमूहाने उत्तर देणार, आणि त्या ‘बूम-चक’वर पाय चुकणं कठीण. हजाराहून अधिक ट्यून रचणाऱ्या या माणसाला २००२ साली अमेरिकेची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली.

कॉलर थांबला की वादक एकमेकांकडे पाहतात. पियानो, गिटार एकदम थांबतात आणि फक्त फिडल उरतं. हॉलमध्ये पावलांचा आवाज ऐकू यायला लागतो. बॅलन्सला सगळ्यांची टाच एकदम पडते, लाकडी जमीन वाजते, आणि फिडलवाला त्या आवाजावर वाजवायला लागतो. पंधरा-सोळा ठोके असे जातात आणि बी-वनच्या समेवर पियानो, गिटार सगळं परत येतं. त्या क्षणी हॉलमधून जी आरोळी उठते ती ऐकण्यासाठी लोक दर आठवड्याला गाडी चालवत येतात. तिथे माइकवरून ‘पार्टनर स्विंग’ असा आवाज आला तर सगळ्याची माती होते. म्हणून मी म्हणते की गप्प होणं हा बँडला दिलेला कॉल आहे.

पण गप्प झालात म्हणजे रिकामे झालात असं नाही. वादक चाल मोडून खेळायला लागले की नाचणाऱ्यांना भागाची सुरुवात ऐकू येईनाशी होऊ शकते. अशा वेळी मनात ठोके धरून ठेवा. कुठे डळमळीत दिसलं तर एक शब्द, समेच्या आधी, शांतपणे. नवी ट्यून सुरू होते तेव्हाही पहिल्या फेरीत एखादा शब्द टाकायला हरकत नाही. ट्यून बदलली की लोकांचं लक्ष उडतं, आणि ते उडावं म्हणूनच बँडने ती बदललेली असते.

वादकांशी काय बोलायचं? पहिलं पथ्य: ट्यूनचं नाव सांगू नका. ट्यून निवडणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं येतं. तुम्ही डान्सचं वर्णन करा. कुठे ठसका हवा, कुठे वाहतं हवं, एवढंच. ‘ए-वनच्या सुरुवातीला बॅलन्स आहे, बी-वनच्या सुरुवातीलाही. बाकी गोल गोल, मऊ.’ हे ऐकल्यावर फिडलवाला स्वतःच अशी ट्यून काढतो जिच्या त्या दोन जागांवर ठसठशीत स्वर आहेत. ‘हे’सारखी आकृती असेल, ज्यात चौघे एकमेकांना ओलांडत वेणीसारखे विणत जातात, तर ‘सगळं अखंड आहे, कुठे थांबा नाही’ असं सांगा. चौघे हातात हात घालून हॉलभर खाली चालत जातात आणि परत येतात असा डान्स असेल तर तेही सांगा, अनेक वादक त्यासाठी जिग किंवा मार्च पसंत करतात. जिगमध्ये ठोक्याचे तीन भाग पडतात, रीलमध्ये चार. पावलाचा वेग तोच राहतो, पण उसळी वेगळी येते. पूर्ण संध्याकाळ रीलच रील झाली तर पाय कंटाळतात, म्हणून दोन-तीन डान्सनंतर ‘आता जिग चालेल का?’ एवढं विचारायला हरकत नाही.

नवख्यांचा भरणा असेल तर आणखी एक विनंती करा: ज्या ट्यूनचे भाग स्पष्ट ऐकू येतात अशा घ्या. वादक लगेच समजतात. काही ट्यून ‘क्रुकेड’ असतात, म्हणजे त्यांच्यात एखाद-दोन ठोके जास्त किंवा कमी असतात. ऐकायला गोड, पण ६४च्या हिशोबात बसत नाहीत. डान्ससाठी सवयीचा बँड त्या आपणहून टाळतो. बैठकीत वाजवणारे, डान्सला नवे असलेले वादक असतील तर मात्र हे आधी बोलून घ्या, आणि एवढंही सांगा की भाग दोनदाच्या ऐवजी तीनदा वाजवला किंवा एकदा गाळला तर खाली सगळा हॉल उलटा उभा राहील.

काही जुन्या डान्सना त्यांची स्वतःची ट्यून असते, जसं ‘कोरस जिग’ किंवा ‘मनी मस्क’. तिथे ट्यून बदलत नाही. यातला मनी मस्क न्यू इंग्लंडमध्ये ४८ ठोक्यांत नाचतात. सुंदर आहे, पण पहिल्या संध्याकाळी त्याच्या वाटेला जाऊ नका.

हे बोलायचं कधी? आधीचा डान्स संपून लोक नवे पार्टनर शोधत असतात तेव्हा. तेवढ्यात कार्ड बँडच्या हातात द्या, दोन वाक्यं बोला आणि मग हॉलकडे वळा. तुम्ही वॉकथ्रू, म्हणजे संगीताशिवाय डान्स चालवून दाखवणं, घेईपर्यंत ते ट्यून ठरवतात. वॉकथ्रू संपल्यावर बँडकडे वळून चर्चा सुरू केलीत तर रांगेत उभे असलेले लोक बोलायला लागतात आणि नुकतं शिकवलेलं विसरतात. वॉकथ्रूही लांबवू नका. वादक तोवर हात बांधून बसलेले असतात आणि त्यांचा जोर ओसरतो. एकदा चालवून दाखवा, गरज असेल तर दुसऱ्यांदा, आणि उरलेलं संगीतावर सोडा. ट्यून लागली की निम्म्या शंका आपोआप सुटतात. बँडशी बोलताना माइक बंद करायला विसरू नका.

कार्डांवर ए-वन ते बी-टू असे चार भाग ठळक, दुरून वाचता येतील असे लिहा. रचनाकाराचं नावही लिहा आणि ते मंचावरून घ्या. या परंपरेत डान्सला रचनाकार असतो, आणि तो कित्येकदा पुढच्याच गावात राहत असतो.

लय हा नाजूक विषय आहे. कॉन्ट्रा साधारण मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांत नाचला जातो. नवखे जास्त असतील किंवा उकाडा असेल तर खालचा आकडा, सराईत असतील तर वरचा. आकडा सांगण्यापेक्षा ‘जरा आरामात’ किंवा ‘जोरात चालेल’ असं सांगणं बरं, आणि ते सुरू होण्याच्या आधी. नाच चालू असताना लय पळायला लागली तर तळहात खाली करून हळूच इशारा करा, आणि तो फिडलकडे न करता पियानो किंवा गिटारकडे करा. लय त्यांच्या हातात असते. फिडलवाला चालीत बुडालेला असतो, त्याला इशारा दिसला तरी एकट्याने लय ओढून धरता येत नाही. माइकवरून ‘स्लो डाउन’ कधीही म्हणू नका. साथीदाराला लोकांसमोर टोकायचं नसतं.

शेवट कसा करायचा हे पहिल्या डान्सच्या आधी ठरवा. ११६च्या लयीत एक फेरी सुमारे ३३ सेकंदांची होते, म्हणजे आठ मिनिटांत चौदा-पंधरा फेऱ्या. बँड तेवढ्या वेळात दोन किंवा तीन ट्यून गुंफतो. शेवटची ट्यून कधी काढायची हे त्यांना ठरवायचं असतं, म्हणून शेवटाची सूचना एकदम शेवटी देऊन भागत नाही. मी बी-टू चालू असताना तीन बोटं दाखवते: या फेरीनंतर आणखी तीन. मग दोन, मग एक. हे नक्की विचारून घ्या की बोटं चालू फेरी धरून मोजायची की सोडून. वेगवेगळे बँड वेगवेगळं मोजतात, आणि तिथे चुकलं की अर्धा हॉल थांबतो आणि अर्धा नाचत राहतो. वादकाने मान हलवली तरच सूचना पोहोचली असं समजा. फिडलवाल्याचे डोळे मिटलेले असतील तर पियानोवाल्याला दाखवा. काही बँड तुम्हाला बोट दाखवून उलट विचारतात: अजून एक ट्यून घेऊ का? रांग छान चालली असेल तर हो म्हणा. शेवटच्या फेरीत थोडे कॉल परत द्या, कारण लोक दमलेले असतात आणि सगळ्यांनी एकत्र थांबावं हे महत्त्वाचं. संपल्यावर आधी पार्टनरचे आभार, लगेच बँडकडे हात. वादकांची नावं मी विश्रांतीच्या आधी आणि शेवटी अशी दोनदा स्पष्ट उच्चारते, आणि उच्चार आधी त्यांनाच विचारून घेते.

रांग विस्कटली तर? संगीत थांबवू नका. बँड वाजत असेपर्यंत सावरण्याची संधी दर १६ ठोक्यांनी नव्याने मिळत असते. जवळजवळ प्रत्येक डान्समध्ये पार्टनर स्विंग असतो, तोच तुमचा आधार. चुकलेल्या जागेबद्दल बोलण्यात वेळ घालवू नका. सरळ पुढचा सांधा पकडा: ‘फाइंड युअर पार्टनर, स्विंग’. जे कुठेही असतील ते पार्टनरकडे धावतात, स्विंग करतात, आणि पुढच्या भागाला सगळे पुन्हा रांगेत असतात. म्हणूनच पहिल्या संध्याकाळी असे डान्स निवडा ज्यांत पार्टनर स्विंग मधोमध किंवा शेवटाकडे येतो. रांगेतलं एखादंच कोंडाळं अडकलं असेल तर आयोजकांपैकी कुणी सराईत नाचणारा तिथे पाठवा, माइकवरून त्यांच्याकडे बोट दाखवू नका. दोन फेऱ्या प्रयत्न करूनही निम्मा हॉल हरवलेला असेल तर मात्र थांबवा. बँडला आधी ठरलेला इशारा करा आणि चालू भाग संपेपर्यंत वाट पाहा. मध्येच तोडलेली ट्यून सगळ्यांनाच खुपते. मग एकदा चालवून पुन्हा सुरू करा. कार्डांच्या गठ्ठ्यात तळाशी तीन अतिशय सोपे डान्स जास्तीचे ठेवा, आणि अंदाज चुकला असं दिसलं की विनासंकोच कार्यक्रम बदला. नवख्या हॉलमध्ये सोपे डान्स आणि उत्तम संगीत ही जोडी कधी हरत नाही. अवघड डान्स निवडून संगीत दाबून टाकणं मला मुळीच पटत नाही, मग तो डान्स कागदावर कितीही देखणा असो.

ध्वनीबद्दल थोडंच. बँड ध्वनितपासणीसाठी लवकर येतो, तेव्हा तुम्हीही तिथे असा. स्वतःच्या मॉनिटरमध्ये, म्हणजे मंचावर तुमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, तुमचा आवाज कमी आणि फिडल-पियानो जास्त मागा. तुम्हाला ट्यून ऐकू आली पाहिजे, तुमचे शब्द तुम्हाला माहीतच आहेत. हॉल आणि वादक दोन्ही डोक्याच्या एका वळणात दिसतील अशी जागा घ्या. आणि बँडला बिनहातांच्या खुर्च्या आणि प्यायला पाणी मिळालंय का ते स्वतः पाहा. फिडल वाजवणाऱ्याचं कोपर खुर्चीच्या हाताला आपटतं, हे आयोजकांना दर वेळी आठवतंच असं नाही. मानधनाचं आयोजकांशी आधी स्पष्ट बोलून घ्या. बऱ्याच ठिकाणी हॉलचा खर्च वजा जाता दारावर जमलेली रक्कम कॉलर आणि वादकांत सारखी वाटली जाते.

शेवटचा प्रश्न, कार्यक्रम आधी पाठवायचा का. पाठवा, पण डान्सची पक्की यादी पाठवू नका. ती हॉल पाहिल्यावर बदलणारच, आणि मग वादकांनी तिच्यावर केलेली तयारी वाया जाते. आठ-दहा दिवस आधी बँडच्या म्होरक्याला चार ओळींची मेल पुरे: तुम्ही नवे कॉलर आहात, नवखे नाचणारे किती अपेक्षित आहेत, अर्ध्या संध्याकाळीत साधारण पाच-सहा डान्स आणि विश्रांतीआधी एक वॉल्ट्झ (तीन ठोक्यांच्या लयीतला जोडीचा नाच) असेल, आणि एखादा डान्स असा असेल ज्याला तुम्हाला काही खास हवं आहे. बोटांच्या इशाऱ्यांबद्दल त्यांची पद्धत काय, हेही त्यातच विचारा. नवे असल्याचं लपवू नका. डान्सचे वादक कॉलरला सांभाळून घेतात, तुम्ही अडखळलात तर फिडलवाला बी-वनची सुरुवात मुद्दाम ठासून वाजवेल म्हणजे तुम्हाला जागा सापडेल. पण त्यासाठी त्यांना ते आधी ठाऊक हवं.